खाली नदी आहे म्हणे

रशियाने कुत्री आकाशात पाठवली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझ्या भाऊजींना जमिनीखाली नदी सापडली. म्हणजे सापडली ती वर्तमानपत्रात. आतल्या पानावर, केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली, मोजक्या ओळींत. कुणा परदेशी तज्ज्ञाच्या मते सातपुड्यात गडप झालेली एक प्राचीन नदी वऱ्हाडच्या पोटातून अजून वाहते आहे आणि तिचे पाणी अमृतासारखे गोड आहे. तज्ज्ञाचे नाव दिलेले नव्हते, त्याच्या देशाचे नव्हते, नदी किती खोल आहे तेही नव्हते. अमृताची चव मात्र त्याला ठाऊक होती.

ती बातमी मीही अमरावतीला वाचली होती. तेव्हा मी तिथल्या एका शाळेत भूगोल शिकवत असे आणि संध्याकाळी वाचनालयात बसून असल्याच बातम्या शोधत असे. पुढाऱ्यांची भाषणे मी वाचत नसे, कारण ती आदल्या आठवड्यात वाचलेली असत. कुठे बेडकांचा पाऊस पडला, कुठे दोन तोंडांचे वासरू जन्मले, कुठल्या बेटावर बाँब फोडून पाहिला आणि त्याची राख वाऱ्याबरोबर भलत्याच देशावर जाऊन पडली, हे मी वाचायचो आणि मग मला एका जागी बसवत नसे. घरी येऊन अंगणात उभा राहून मी आभाळाकडे पाहायचो. आमची मंडळी आतून हाक मारायची.

“आभाळ जागच्या जागी हाय. पोळ्या थंड होऊन राहिल्या.”

पोळ्या खरोखरच थंड होत असत. पण आभाळ जागच्या जागी आहे याची मला तेवढी खात्री नव्हती. हिवतापाचे फवारणीवाले त्या वर्षी आमच्या गल्लीत येऊन भिंती पांढऱ्या करून गेले होते. डास गेले, ते बरेच झाले. पाठोपाठ मांजरी मेल्या. मग उंदीर आले, आणि ज्यांनी फवारणीवाल्यांना चहा पाजला होता तेच लोक आता मांजर कुठे मिळेल म्हणून विचारत फिरू लागले. वर्गात वरूडकडचा एक विद्यार्थी होता. त्याच्या घरी संत्र्याचे बगीचे. आमची विहीर साऱ्या गावात खोल आहे, असे तो छाती फुगवून सांगायचा.

“आणि शेजाऱ्याने त्याहून खोल नेली तर?” मी एकदा विचारले.

“मंग आमी अजून खाली जाऊ, सर.”

“आणि मग?”

सारा वर्ग हसला. मला हसला. मास्तरला साधी गोष्ट कळत नाही, असा त्या हसण्याचा अर्थ होता. मी फळ्यावर दख्खनच्या पठाराचा नकाशा काढायला घेतला.

भाऊजींनाही विचित्र बातम्यांचा तेवढाच नाद. फरक एवढाच, की तीच बातमी वाचून मी अस्वस्थ होई आणि ते कामाला लागत. अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत ते हेडफिटर होते. कापसाचा हंगाम संपला की जिन बंद, आणि पाऊस पडून गेल्यावर नवा कापूस येईपर्यंत त्यांच्या हातांना काम नसे. ते हात रिकामे राहणाऱ्यांतले नव्हते. एका उन्हाळ्यात त्यांनी सायकलच्या चाकावर चालणारा पंखा केला होता. तो चालायचा, पण फिरवणाऱ्याला घाम फुटायचा. असल्या उन्हाळ्यांना आमची ताई हसत असे. या उन्हाळ्याला मात्र ती हसली नाही. अमरावतीला येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर तिने निरोप धाडला, “ये. तुझ्या भाऊजीले आवर. विहिरीले हात घालून राहिले.”

विहीर म्हटल्यावर मी पिशवी भरली. याचे कारण सांगायला हवे.

ताईचे घर अकोल्यात नदीपलीकडच्या वस्तीत. त्या बाजूची जमीन खारपाणाची. विहीर खणली की पाणी लागते, पण तोंडात धरवत नाही. घागरीला आतून पांढरी खपली धरते, चहात दूध घातले की ते फाटते, आणि तुरीची डाळ दिवसभर चुलीवर ठेवली तरी दाणा दाण्याला ओळख देत नाही. म्हणून त्या भागात मुलगी द्यायची तर आधी पाणी पाहायला जायची रीत होती. माझे वडील ताईच्या वेळी गेले ते घरची तुरीची डाळ रुमालात बांधून गेले. मुलाला त्यांनी फारसे काही विचारले नाही. डाळ आत दिली आणि ती शिजून गरगट होईपर्यंत ते पुढच्या खोलीत बसून राहिले. याचा कुणाला अपमान वाटत नसे. डाळ शिजली. वडील घरी येऊन आईला म्हणाले, “पोरगा बरा आहे. पाणी उत्तम आहे.”

त्या साऱ्या गल्लीत गोड पाण्याची विहीर ती एकच. का, ते कुणाला माहीत नव्हते. ताईच्या सासूबाई गेल्यावर विहिरीचा कारभार ताईकडे आला. तिने एकच नियम ठेवला होता. ज्या घरी बाळंतीण, त्या घरची घागर आधी. बाकी हिंदू असो, मुसलमान असो, बौद्ध असो, जो दोर घेऊन आला त्याने भरावे. पण त्या वर्षी आदला पाऊस रडतखडत झालेला. विहिरीचा तळ दिसू लागला होता आणि बादली खाली गेली की पाण्याऐवजी चिखलावर बसल्याचा आवाज येत होता.

बडनेऱ्याला गाडी बदलून मी अकोल्याला पोचलो, तेव्हा भाऊजी अंगणात लोखंडी पाइपांना तेल पाजत बसले होते.

“या मास्तर! वाचली का बातमी?”

“वाचली. पण तिच्यात अकोल्याचं नाव नाही, भाऊजी.”

“वऱ्हाड म्हटलं ना? मंग अकोला काय मद्रासात हाय?”

बेत असा होता. विहिरीच्या तळात बोअर मारायचा, फॅक्टरीतले गडी हाताशी घेऊन, आणि खालची नदी वर आणायची. ताई भाजी निवडायचे सूप मांडीवर घेऊन दारात बसली होती. तिने वर पाहिलेसुद्धा नाही.

“वरचं गोड हाय, खाली खार हाय. गल्लीतलं शेंबडं पोट्टं बी हे सांगते.”

“खाराच्या खाली पुन्हा गोड हाय. तेच त छापून आलं.”

“छापणाऱ्याच्या घरी डाळ शिजते का, ते विचारलं काय?”

“आता पाणी नाईच राहिलं त तुझी डाळ कायात शिजणार हाय?”

ही गोष्ट खरी होती. मग ताई माझ्याकडे वळली. “तू भूगोल शिकवतं ना रे? सांग यायले.”

व्होल्गा कुठे समुद्राला मिळते ते मी झोपेत सांगितले असते. अँडीज पर्वतावर बर्फ कुठून सुरू होते तेही. बहिणीच्या परसात जमिनीखाली काय आहे, हे आमच्या क्रमिक पुस्तकात नव्हते. मी म्हणालो, “नक्की सांगता येत नाही.” भाऊजींनी हा पाठिंबा समजून दुसरा पाइप उचलला.

संध्याकाळी पाणी भरायला शेजारच्या चाची आल्या. त्यांच्या सुनेला नुकतीच मुलगी झाली होती. ताईने त्यांची घागर आधी लावली. दोर ओढता ओढता चाची म्हणाल्या, “बाई, तुमचे मिया काही करो, हे पानी तेवढं सांबाळजो. बच्चीच्या पेटात दुसरं पानी ठहरत नाई.”

त्या गेल्यावर ताई विहिरीच्या काठाला हात टेकून उभी राहिली. “बाबांनं मले या पाण्यावर देल्ली,” ती म्हणाली. “हे गेलं त मी कोणाच्या घागरीले आधी म्हणू? कोणाच्या मागं उभी राहू?” ती रडली नाही. रडण्याचा तिचा स्वभाव नव्हता. तिने दोर गुंडाळून खुंटीला लावला, तो नीट बसला नाही म्हणून पुन्हा काढून गुंडाळला.

इथपर्यंत ही नवराबायकोतली गोष्ट होती. वेळ मिळाला असता तर ताईने भाऊजींना वळवलेही असते. पण वॉर्डाच्या मेंबरसाहेबांना ही गोष्ट कळली, आणि त्यानंतर विहीर आमची राहिली नाही. ते येऊन पाइपाभोवती एक फेरी मारून गेले आणि दुसऱ्या दिवशी मांडवाचे बांबू येऊन पडले. ‘पाताळगंगा अवतरण समारंभ’ असे नाव ठरले. लाउडस्पीकर ठरला. समारंभानंतर गल्लीला जेवण ठरले. मी मेंबरसाहेबांना विचारले की पाणी लागू द्यावे, ते गोड निघू द्यावे आणि मग समारंभ करावा, हे बरे नाही का.

“पाणी लागल्यावर कोण येते, मास्तर?” ते समजुतीच्या सुरात म्हणाले. “तवा सारे पाणी भरत असतात.”

हा माणूस मूर्ख नव्हता, हे मला तेव्हा कळले आणि मी जास्तच अस्वस्थ झालो.

ते दिवस मी नुसता चालत होतो. घरातून नदीपर्यंत, नदीवरून स्टेशनापर्यंत, स्टेशनातून परत. उन्हात अंग भाजून निघे. स्टेशनातल्या बाकावर बसून वर्तमानपत्र उघडावे तर बेटांवरचे बाँब चालूच होते. मोठमोठ्या देशांचे मोठमोठे लोक जमिनीत, समुद्रात, हवेत काहीतरी करून पाहत होते आणि पाहून झाल्यावर सर्व ठीक आहे असे जाहीर करत होते. बाँब माझ्या हातात नव्हते. भाऊजी हाताशी होते, पण तेही माझ्या हातात नव्हते. मी दोनदा बोलायला गेलो. दोन्ही वेळा ते मला बोअरच्या टोकाची धार दाखवू लागले, आणि ती धार खरोखर फार सुंदर केलेली होती.

ताईने वाद थांबवला. समारंभाच्या आदल्या दिवशी तिने विहिरीत जमलेले सारे पाणी भरून घेतले. रांजण, घागरी, हंडे, पितळेचे घंगाळ, पुरणाचे पातेलेसुद्धा. सगळ्यांवर धुतलेले फडके बांधले.

“नदी येऊन राहिली अन् तू घागरी भरून राहिली,” भाऊजी हसून म्हणाले.

“येऊ द्या,” ती म्हणाली. “पावनी हाय. तिचं तिनं आणावं.”

समारंभ सकाळी सुरू झाला. विहिरीवर तीन बल्ल्यांची तिकटी, तिच्यातून खाली सोडलेला पाइप, त्याला आडवा दांडा, आणि तो दांडा धरून घाण्याच्या बैलासारखे गोल फिरणारे फॅक्टरीतले गडी. मेंबरसाहेबांनी पाइपाला हार घातला. पाइप फिरू लागल्यावर हार तुटला, तेव्हा दुसरा घातला. मग भाषण झाले. आधी त्यांनी स्वतःची तुलना थोर पुरुषांशी केली, मग ती नम्रपणे मागे घेतली, मग वेळ उरला म्हणून पुन्हा केली. निसर्ग आता माणसाचा चाकर झाला आहे, असे ते म्हणाले. निसर्गाच्या वतीने कुणी बोलले नाही.

ऊन चढले. गडी बदलले. आणि दुपारच्या सुमाराला पाइप एकाएकी हातभर खाली घसरला. आतून गुरगुर ऐकू आली. सगळे काठावर वाकले. तळाशी पाणी हलत होते, गढूळ, पिवळसर, आणि डोळ्यांदेखत वर चढत होते. भिंतीचे कोरडे पडलेले चिरे एकेक करून बुडू लागले. लोक ओरडले, कुणी फटाके लावले. भाऊजी तिकटीला धरून उभे होते आणि त्यांच्या तोंडावर जे होते ते पाहून मला क्षणभर वाटले, असू दे. खाली नदी असू दे.

मेंबरसाहेबांना चांदीच्या पेल्यात पाणी दिले. लाउडस्पीकरपुढे उभे राहून त्यांनी घोट घेतला. तो घोट त्यांच्या गळ्यातून सावकाश उतरताना मी पाहिला. कर्णा समोर होता, गल्ली समोर होती.

“गोड!” ते म्हणाले. नदीपर्यंत ऐकू गेले असेल. लगेच त्यांनी पान मागितले.

मी ओंजळीत घेऊन चाखले. समुद्रासारखे खारे नव्हते. मिठाची बरणी विसळून ठेवलेले पाणी असावे, तसे होते. भाऊजींनीही घेतले. ते बराच वेळ तोंडात घोळवत राहिले.

“पहिलं पाणी हाय,” ते कुणाकडेच न पाहता म्हणाले. “गाळ हाय. निवळंल.”

पण एक गोष्ट त्यांनी सकाळीच करून ठेवली होती. आजचे वरण नव्या पाण्यात, असे आचाऱ्याला बजावले होते. पाणी वर येताच परसात मोठमोठी पातेली चुलीवर चढली आणि त्यांत तुरीची डाळ पडली.

पंगत बसली. पत्रावळी मांडल्या, मीठ-लोणचे वाढून झाले, भाताच्या मुदी पडल्या. वरण येईना. चुलीत लाकडे सारली, सोडा टाकला, आचाऱ्याने डावाने दाणा काढून बोटांत दाबला आणि तो टुणकन उडून राखेत पडला. बाहेरून “वरण आलं का?” अशी विचारणा होऊ लागली. आधी थट्टेने, मग भुकेने. भाऊजी मागच्या दाराने आत आले. त्यांच्या सदऱ्याला अजून गुलाल होता.

“अवो,” ते हळू आवाजात म्हणाले, “तुह्या हंड्यातलं दे. दुसरी डाळ टाकू. घटकाभरात होते.”

ताई फडके बांधलेल्या हंड्यांपुढे उभी होती. ती बाजूला झाली नाही.

“हे चाचीच्या सुनेचं हाय.”

“सारंच?”

“विहीर कवा गोड होते, तुमाले माहीत हाय? मले नाई.”

“मेंबरसाहेब पानावर बसले हाय. साऱ्या गल्लीसमोर माही...”

“बसू द्या,” ताई म्हणाली. “त्याईले गोड लागलं ना? तेच वाढा.”

मी खिडकीजवळ उभा होतो आणि तिथे नसतो तर बरे, असे मला वाटत होते. ताईने एक घागर उचलली आणि माझ्या खांद्यावर दिली. “धर. चाचीकडे नेऊन दे. पुढल्या दारानं जा, मागं चुली हाय.”

पुढच्या दाराने म्हणजे पंगतीमधून. दोन्ही बाजूंना लोक मांडी घालून बसलेले, भात कोरडा, माशा वारणे चालू. मी मधून चाललो. घागर काठोकाठ भरलेली होती आणि एक थेंबही सांडू नये म्हणून मला सावकाश चालणे भाग होते.

“मास्तर, काय नेऊन राहिले?” मेंबरसाहेबांनी विचारले.

“पाणी,” मी म्हणालो.

कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने समोरचा पेला उचलून हुंगला आणि परत ठेवला.

लोकांनी लोणच्याशी भात खाल्ला. मेंबरसाहेबांना दुसरीकडे जायचे होते, ते आधीच सांगितलेले असल्यासारखे ते उठले. तिसऱ्या प्रहरी मांडव निघाला. विहीर तुडुंब भरली होती. इतके पाणी त्या गल्लीने कधी पाहिले नव्हते आणि त्यातले एक भांडे कुणाच्या कामाचे नव्हते. चाची येऊन काठावर उभ्या राहिल्या, आत पाहिले, “या अल्ला, कितना पानी,” म्हणाल्या आणि परत गेल्या.

ताई भाऊजींना एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर त्यांना सोपे गेले असते. ते काठावर बसून होते. मग उठले आणि सायकल काढून फॅक्टरीत गेले. परतले ते कापसाचा कचरा पोत्यात भरून. नदीकाठची चिकट पिवळी माती आणवली. ती कापसात मळून त्यांनी तिचे गोळे केले, आणि गडी घेऊन पाइपाच्या टोकाने ते बोअरच्या तोंडात ठोकून बसवले, वरून आणखी माती, पुन्हा ठोकणे. जिनच्या इंजिनातल्या आणि नळांतल्या गळत्या बंद करून त्यांचे आयुष्य गेले होते. जमिनीतली गळती त्यांनी त्याच पद्धतीने धरायला घेतली. ती धरेल की नाही, ते त्यांनी मला विचारले नाही.

मग उपसा सुरू झाला. वर आलेले खारे पाणी काढून टाकल्याशिवाय जुने झरे कळणार नव्हते. ते टाकायचे कुठे यावरही भांडण झाले, कारण जिथे टाकावे तिथली माती पांढरी पडत होती. शेवटी गटारापर्यंत चर काढला. गल्लीतली माणसे पाळीपाळीने दोर ओढत. काहीजण शिव्या देत ओढत, पण ओढत. सकाळी भाऊजी कावड घेऊन स्टेशनाकडच्या गोड विहिरीवर जायचे. ती कावड आधी चाचींच्या दारात उतरायची. चाचींनी पहिल्या दिवशी दार उघडून त्यांना पाहिले आणि पदर सावरत म्हणाल्या, “मिया, तुमी कावून? कोणाले बी धाडायचं.” भाऊजींनी घागर उंबऱ्याच्या आत ठेवली आणि निघाले.

मला सुटी होती. अमरावतीला परतायचे कारण नव्हते आणि इथे राहून मी फार काही करत होतो असेही नाही. दोर ओढून हाताला फोड आले, एवढेच. वर्तमानपत्र ओसरीवर येऊन पडे. भाऊजी ते उचलत नसत. मी उचलायचो, अर्धे वाचायचो आणि उठून विहिरीत डोकवायचो. पाणी कालच्यापेक्षा खाली गेले असेल तर बरे वाटे, आणि लगेच वाटे की आता खालून पुन्हा चढेल. दुपारी झोप लागत नसे. बादलीचा आवाज थांबला की मी बाहेर येऊन पाहायचो.

एका संध्याकाळी तळ दिसला. मातीचा बोळा जागच्या जागी होता, आणि त्याच्यावर, बाजूच्या कपारीतून, जुना झरा झिरपताना दिसला. बारीक, चुकून लागल्यासारखा. भाऊजी दोराने खाली उतरले, ओंजळीएवढे पाणी तांब्यात धरले आणि वर पाठवले. तांब्या माझ्या हातून ताईकडे गेला. काठावर गल्ली जमली होती, चाचीही होत्या. ताईने घोट घेतला. तोंडात धरून ठेवला. सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते, आणि खाली अंधारात भाऊजी वर पाहत होते.

तिने तो थुंकला.

“आपल्याले चालंल,” ती विहिरीत वाकून म्हणाली. “बाळंतिणीले नाई. अजून उपसा.”

खालून भाऊजींनी बादली ओढून घेतली आणि भरायला लागले.